पाण्याची नोंद, पाण्याचा हक्क

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यात पाण्याची वानवा नव्हती; वानवा होती ती ते घेण्याच्या अधिकाराची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीतून तो अधिकार प्रस्थापित केला. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी पाण्याच्या शास्त्रीय नियोजनाकडे लक्ष वळविले आणि त्यांच्या पुढाकाराने १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. देशातील नद्यांची माहिती एकत्र करणे हे त्याचे एक प्रमुख कार्य होते. आजचा केंद्रीय जल आयोग हा त्याचाच वारसदार होय.

याच आयोगाने ‘इस्रो’च्या साहाय्याने जलसंपत्तीची संगणकीय माहिती प्रणाली उभारली. पर्जन्यमान, नदीचा प्रवाह, धरणांतील साठा, भूजलाची पातळी हे सारे आता नकाशावर पाहता येते. आपल्या राज्यातही भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. एकाच विहिरीच्या अनेक वर्षांच्या नोंदी संगणक क्षणार्धात शेजारी मांडतो. उपसा वाढला की पातळी कशी घसरते, हे मग अंदाजाचे राहत नाही.

तथापि, आपल्या समाजाने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे. पाणी त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते. म्हणून एका बांधावरची विहीर भरलेली, तर पलीकडची कोरडी असू शकते. अशा भूमीत काही निरीक्षण विहिरींवरून काढलेली सरासरी गावकुसाबाहेरच्या वस्तीची तहान सांगू शकत नाही. ज्या विहिरीची नोंद नाही, तिचे कोरडेपण संगणकाला ठाऊकच होत नाही. आणि टँकर मागताना वस्तीच्या हाती केवळ तक्रार उरते.

म्हणून माझे आग्रहाचे मत आहे की, प्रत्येक वस्तीने आपल्या विहिरीची नोंदवही ठेवावी. दोरी, वजन आणि मोजपट्टी एवढे साहित्य पुरते. वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर, मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. संगणक क्षेत्रात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी या नोंदींसाठी सोपा मराठी तक्ता तयार करून द्यावा, आणि पालकांनी तो ग्रामसभेत पाण्याच्या नियोजनावेळी मांडावा. आकड्यांनिशी केलेली मागणी सहजासहजी डावलता येत नाही.