आरोग्यविचार : गोठ्यांतील माशी

वाढलेल्या ताटावर माशी बसली तर तिला हांकलून देण्यापलीकडे आपण सहसा कांहीं करीत नाहीं. ती आली कोठून, हा प्रश्न तर क्वचितच कोणास सुचतो. माशी ही क्षुद्र खरी. परंतु एका गोठ्यांतील जंतु दुसऱ्या गोठ्यांत व तेथून माणसाच्या पोटांत नेण्याचे कामीं तिचा हात किती मोठा आहे, हें गेल्या पंचवीस-तीस वर्षांत शास्त्रज्ञांनीं चांगलेंच उघडकीस आणलें आहे. त्यांतील दोन हकीकती आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिली हकीकत डेन्मार्क देशांतील. तेथें कोंबड्या पाळण्याचा धंदा मोठ्या प्रमाणावर चालतो. आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं कोंबडीचा संबंध नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु येथें प्रश्न आहाराचा नसून रोग कोणत्या वाटेनें शिरतो हा आहे. कॅम्पिलोबॅक्टर नांवाचे जंतु कोंबडीच्या आंतड्यांत सुखेनैव राहतात. तिला त्यांचा फारसा त्रास होत नाहीं. पण तेच माणसाच्या पोटांत गेले कीं ताप, कळा आणि जुलाब सुरू होतात. तेथील पालक मोठे दक्ष. पिल्लांची एक तुकडी गेली कीं सारी जागा धुवून काढावयाची, आंत जातांना जोडे बदलावयाचे, हात धुवावयाचे, असा आपल्या सोंवळ्याची आठवण करून देणारा त्यांचा नेम. इतकें करूनही उन्हाळा आला कीं जंतु आंत शिरतच. अशा वेळीं कोण्या नोकरानें हयगय केली असावी, असा संशय कोणासही यावा.

कांहीं संशोधकांनीं मात्र हवा खेळती राहावी म्हणून ठेवलेल्या झरोक्यांकडे लक्ष दिलें. त्या वाटेनें दररोज शेंकडों माश्या आंत येत होत्या; आणि बाहेर पकडलेल्या ४९ माश्यांपैकीं ४ माश्यांजवळ हे जंतु सांपडले. हें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें २००६ च्या उन्हाळ्यांत कोंबड्यांच्या २० घरांस बारीक जाळी लावून पाहिली. जाळी नसलेल्या घरांत शेंकडा ५१ तुकड्यांत जंतु निघाले, तर जाळीच्या घरांत हें प्रमाण शेंकडा १५ वर आलें. जंतु समूळ गेले नाहींत हें खरें. पण दाराशीं एवढा पहारा असतां शत्रु झरोक्यानें येत होता, हें त्यावरून दिसून आलें.

दुसरी हकीकत अमेरिकेंतील कॅन्सस प्रांताची. तेथें गुरांच्या गव्हाणींवर पकडलेल्या माश्यांपैकीं शेंकडा सुमारें ३ माश्यांजवळ कोलाय जंतूंची ओ-१५७ ही जात आढळली. मोठ्या गुरांस ती बाधत नाहीं. परंतु लहान मुलांच्या पोटांत गेली तर रक्ताचे जुलाब होऊन प्रसंगीं मूत्रपिंडें निकामी होतात. पुढें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, हे जंतु मुद्दाम पाजलेल्या माश्या ८ वांसरांजवळ ४८ तास ठेवल्या. आठही वांसरांच्या शेणांत ते जंतु निघाले. त्यांच्या पिण्याच्या पाण्यांतही निघाले.

असें व्हावें यांत नवल नाहीं. घरमाशीस चावतां येत नाहीं. घट्ट पदार्थ खाण्यापूर्वीं ती त्यावर आपली लाळ व पोटांतील रस ओकते आणि पातळ झालेलें चोखून घेते. क्षणापूर्वीं शेणावर हाच विधि उरकून ती गव्हाणीवर, दुधाच्या भांड्यावर किंवा आपल्या ताटावर येते. शिवाय तिच्या पायांवरील केसांस घाण चिकटते ती निराळीच. मैल-दोन मैल उडत जाणें तिला अवघड नाहीं. म्हणून एका मालकाची हयगय शेजाऱ्याच्या गोठ्यास भोंवते.

उपाय मात्र साधा आहे. माशी ओल्या शेणांत एका वेळीं शंभराच्या आसपास अंडीं घालते, व उन्हाळ्यांत आठ-दहा दिवसांत त्यांच्या माश्या होतात. आठवडा पुरा होण्याच्या आंत शेण उचललें, वाळविलें, किंवा खड्ड्यांत घालून नीट झांकलें, तर पुढची पिढी निपजतच नाहीं. औषधें फवारून उडत्या माश्या मारीत बसण्यापेक्षां हें अधिक शहाणपणाचें. घरांत दूध उकळून झांकून ठेवावें. वर सांगितलेले दोन्ही जंतु उकळीनें मरतात.

आपण भांडें घांसतों, पदर सांवरतों, ओंवळ्याला शिवत नाहीं. परंतु रतिबाचें दूध ज्या गोठ्यांतून येतें, तेथील उकिरडा किती दिवसांनीं उचलला जातो, हें आपण गवळ्यास कधीं विचारलें आहे काय? दुधांत पाणी किती, हें आपण रोज विचारतों. त्याबरोबर हाही प्रश्न एकदां विचारावा, व ज्याचा गोठा स्वच्छ असेल त्यास दोन पैसे अधिक द्यावयास मागेंपुढें पाहूं नये, अशी आमची वाचकांस विनंति आहे.