पेन कोणाच्या हातात?

फिलिपिन्सच्या दक्षिणेला बांगसामोरो नावाचा मुस्लिमबहुल स्वायत्त प्रदेश आहे. २०१९ च्या सार्वमतातून जन्मलेला. संसद ८० जणांची: ४० जागा पक्षांना मतांच्या प्रमाणात, ८ राखीव आणि ३२ मतदारसंघांतून. म्हणजे नकाशावर ३२ तुकडे पाडायचे. त्यात काय एवढं?

सप्टेंबर २०२४ मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सुलू प्रांताने सार्वमतात नकार दिला होता, तो या प्रदेशात धरू नका. झालं! सुलूच्या ७ जागा अधांतरी. हंगामी संसदेने २०२५ मध्ये नवा कायदा करून त्या इतरांत वाटल्या. ३० सप्टेंबरला न्यायालयाने तोही रद्द केला. मतदान १३ ऑक्टोबरला होतं. बोंबला! २०२५ संपलं तरी लोकांनी आपली संसद एकदाही निवडलेली नव्हती.

माझा राग नकाशा काढणाऱ्यांवर आहे. हे सदस्य राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले, आणि उद्या निवडणुकीला त्यांतलेच कितीतरी उभे राहू शकतात. कोड लिहिणाऱ्यालाच टेस्टिंगच्या रिपोर्टवर सही करू द्याल का? आपल्या परिसीमन आयोगात खासदार-आमदार सोबत बसतात, पण त्यांना मत नसतं.

'स्वायत्तता आमची, मग नकाशाही आमचाच' म्हणे! अहो, स्वायत्तता मतदारांची आहे, खुर्चीवाल्यांची नाही. त्याच प्रदेशातले निवृत्त न्यायाधीश घ्या, त्यांना निवडणूक लढवायला बंदी करा, आणि पेन त्यांच्या हातात द्या. बघा पटतंय का.