अस्वलाचे नाणे

मोहरांवर ग्रंथ निघतात; मीठ-मेणबत्ती घेणारा खुर्दा मात्र हातोहात झिजून नाहीसा होतो. अशाच एका हलक्या नाण्याची हकिकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

स्वित्झर्लंडमधील बर्न नगराने १४९२ च्या सुमारास ‘बात्सेन’ नावाचे नाणे पाडले. त्यावर नगरचिन्हातील अस्वल होते आणि अस्वलाच्या लाडक्या नावावरूनच हे नाव पडले, असे म्हणतात. चार क्रॉइत्सर मिळून एक बात्सेन होई. क्रॉइत्सर म्हणजे क्रुसाचे नाणे. आरंभी बात्सेनमध्ये चांदी बरीच असे. पुढे तांबे वाढत गेले. असे हिणकस नाणे चालते ते केवळ पाडणाऱ्याच्या शब्दावर.

तीस वर्षांच्या युद्धात (१६१८-१६४८) शेजारी देश होरपळत असता स्विस शेतमालास चांगला भाव आला आणि शेतकऱ्यांनी कर्जे काढली. तह झाला, भाव कोसळले, कर्जे तशीच राहिली. अशा वेळी, डिसेंबर १६५२ मध्ये, बर्नने बात्सेनची किंमत निम्म्यावर आणली. ल्युसर्ननेही तीच वाट धरली. जुन्या भावाने नाणी बदलून घेण्यास मुदत मिळाली ती अवघी तीन दिवसांची! नाण्यात चांदीच उरली नव्हती, तेव्हा भाव उतरविणे एक वेळ समजू शकते. परंतु ही मुदत आमच्या मते निव्वळ अन्याय होता. नगरातील सावकारास तीन दिवस पुरले असतील. डोंगरातील कुणब्यास ते कसे पुरावेत?

एंटलेबुख हे ल्युसर्नच्या सत्तेखालील कॅथोलिक खोरे. तेथील प्रतिनिधींचे म्हणणे नगरसभेने ऐकून घेतले नाही. तेव्हा १० फेब्रुवारी १६५३ रोजी हायलिगक्रॉइत्स, म्हणजे पवित्र क्रुसाच्या, तीर्थमंदिरी मिस्सा झाल्यावर लोकांनी मनाई मोडून सभा भरविली आणि मागण्या मान्य होईपर्यंत कर न देण्याचे ठरविले. शेजारच्या एमेंटालचे शेतकरी प्रॉटेस्टंट. तेही त्यांना येऊन मिळाले. ज्या देशात पंथभेदापायी तलवारी उपसल्या गेल्या होत्या तेथे हे घडले, ही गोष्ट आम्हांस बंडाहूनही मोठी वाटते.

नगरांच्या फौजांनी जूनमध्ये बंड मोडले. एमेंटालचा पुढारी निक्लाउस लॉयनबर्गर याचा सप्टेंबरात बर्न येथे शिरच्छेद झाला. पुढे मात्र नगरांनी करांच्या बाबतीत काही सवलती दिल्या.

१८५० साली सबंध देशासाठी एकच फ्रँक ठरला. त्याच्या ५, १० व २० रापेनच्या नाण्यांतही चांदी शेकडा ५, १० व १५ एवढीच होती. दहा रापेनच्या नाण्यास लोक आपले ‘बात्सेन’च म्हणत राहिले.