दगडाचा सात-बारा

एका सभासदाने पाठवलेले दोन फोटो टेबलावर आहेत. पहिल्यात मारुतीच्या देवळाबाहेरचा वीरगळ. मधल्या पट्टीवर 'शके' आणि पुढचे आकडे तिरप्या उन्हात उठलेले. दुसऱ्यात तोच वीरगळ, ग्रामपंचायतीच्या सुशोभीकरणानंतर. खालचा टप्पा पेव्हर ब्लॉकमध्ये गडप, उरलेल्यावर निळा ऑइलपेंट, वीराच्या ढालीला सोनेरी कड. अक्षरे लिंपून सपाट.

सभासद अर्ज घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेले. दगड कोणत्या गटात येतो, सात-बारा जोडा, असे उत्तर मिळाले. दगड गावठाणात आहे आणि गावठाणातल्या जागेला सात-बारा नसतो, हे आता महसूलवाल्यांना आम्ही शिकवायचे! मग नमुना आठचा उतारा मागितला. तो देणार ग्रामपंचायत, म्हणजे ज्यांनी रंग फासला तेच. शेवटी विचारले, स्मारक संरक्षित आहे का? नाही. अर्ज दप्तरी दाखल.

कायद्यांना तोटा नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा दहा रुपयांवरच्या गुप्तधनाचीही वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यायला लावतो. पण वीरगळ पुरलेला नव्हता. (आता अर्धा पुरला आहे, ते सोडा.) राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा अधिसूचनेशिवाय हलत नाही. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याचे मुख्य लक्ष विक्रीवर आणि परदेशी जाणाऱ्या मालावर. भक्तिभावाने रंगवलेल्या दगडाला यात रकानाच नाही.

पण सरकारला किती बोलणार? हाच वीरगळ आपल्या मंडळींनी सहा वर्षांपूर्वी पाहिला होता. अक्षरांचा कागदी ठसा घेतला नाही. पुन्हा येऊच म्हणाले. मापे नाहीत. फोटोत शकाच्या शेवटच्या आकड्यावर नेमकी कुणाची तरी सावली. कपाटात तुळपुळ्यांचे 'प्राचीन मराठी कोरीव लेख' असते, पिशवीत ठशाचा कागद नसतो. वर्तमानपत्रात 'नवा शिलालेख उजेडात' छापून आणायची घाई मात्र दांडगी.

चैत्रातल्या यात्रा तोंडावर आल्या. त्याआधी देवळे रंगतात, आणि देवळाबाहेरचे वीरगळ, गधेगळही. फाल्गुन सरायच्या आत आपापल्या तालुक्यातले कोरीव लेख गाठा. तारेचा ब्रश आणि ॲसिड घरीच ठेवा. ठशाच्या दोन प्रती, लांबी-रुंदी, दगडाचे तोंड कोणत्या दिशेला, अक्षांश-रेखांश एवढे तरी आणा. रंगाचा डबा उघडण्यापूर्वी सरपंचांकडे चहाला बसा. लेखात त्यांच्याच गावाचे नाव आहे हे कळले, की ते स्वतः रंगाऱ्याला थांबवतात.

पुढच्या अंकापासून ठशाशिवाय आलेले लेखाचे वाचन छापले जाणार नाही. हे जुन्या सभासदांनाही लागू.