जाळी बदलणारे गल्लोगल्ली आहेत, जाळी वाचवणारा कुठे आहे?



कमी भांडवलात गावातच सुरू होणाऱ्या कामांवर बोललं की एक प्रश्न हमखास येतो. "सर, मच्छरजाळीच्या कामात आता काही राहिलं का? प्रत्येक चौकात एक फॅब्रिकेटर बसलाय." माझं उत्तर ऐका आणि पटलं नाही तर खुशाल भांडा. जाळी बसवण्याच्या कामात गर्दी झालीय हे खरं. पण बसवलेली जाळी तपासण्याच्या आणि वाचवण्याच्या कामात अजून कोणी उतरलेलंच नाही. माझ्या मते नव्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी.

जळगाव जामोदमध्ये संध्याकाळी एखाद्या गल्लीतून चक्कर मारून बघा. घरासमोरची ओसरी, मागची पडवी, वरच्या मजल्यावरची गॅलरी, जिकडे तिकडे लोखंडी नाहीतर अॅल्युमिनियमची चौकट आणि तिला जाळी. आत आजोबांची बाज, पोरांचा अभ्यास, उन्हाळ्यात कुरडया-पापडांचं वाळवण आणि कोपऱ्यात कूलर. सातपुडा जवळ, म्हणून वानरांचा त्रास वेगळाच. म्हणजे आपल्याकडे जाळीची ओसरी ही चैन नाही, वर्षातले आठ महिने घर तिथेच राहतं. आणि त्या चौकटीकडे बसवल्यानंतर कोणी ढुंकून बघत नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. मी स्वतः हे काम करायचो तेव्हाची गोष्ट. एका घरून बोलावणं आलं, "भाऊ, जाळी फाटली, नवीन टाकून दे." मी गेलो, माप घेतलं, जुनी जाळी काढली, नवी ताणून बसवली, पैसे घेतले. मृगाच्या तोंडावर वादळ आलं आणि अख्खी चौकट आत पडली, ती थेट बाजेवर. आजी पाच मिनिटांपूर्वी चहा ठेवायला उठल्या होत्या म्हणून वाचल्या. जाळी शाबूत होती. पाइप बुडाशी गंजून कागदासारखा झाला होता. दोन दिवस तिथेच बसून काम करताना मी तो बघितला नव्हता का? बघितला होता. पण मला जाळी बदलायला बोलावलं होतं, पाइप बघायला नाही. त्या काकू एवढंच म्हणाल्या, "तुले दिसलं असन ना भाऊ, मंग काऊन नाही सांगतलं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज तुम्हाला जे सांगतोय तेच ते उत्तर.

नुकसान कुठे लपतं?

जाळीचं भोक सगळ्यांना दिसतं. ज्याने खरं नुकसान होतं ते दिसत नाही. तुमच्या पाहणीत या सहा जागा आल्याच पाहिजेत.

१. पाइपचं बूड. पोकळ पाइपात पाणी शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते. मग गंज आतून लागतो, बाहेरचा रंग मात्र चकचकीत. पेचकसाच्या मुठीने खालपासून वर ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तिथे टोकाने दाबून बघा. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत ढगफुटीसारखा पाऊस होऊन पूर आला होता. ज्या घरांत पाणी शिरलं तिथे चौकटीच्या खालच्या पट्टीत आणि पाइपात अजून गाळ असू शकतो. असा गाळ ओल धरून ठेवतो. साफ करा आणि पाणी निघायला खाली लहान भोक ठेवा.

२. वेल्डिंगचे सांधे. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो थर सांध्यापाशी जळून जातो. जस्त ४२० अंशांच्या आसपासच वितळतं, वेल्डिंगचं तापमान त्याच्या कितीतरी वर. म्हणून गंजाची सुरुवात नेमकी सांध्यापासून होते. घासून, जस्तयुक्त प्रायमर मारून मग रंग, एवढाच उपाय. नुसता रंग मारला तर गंज झाकला जातो, थांबत नाही.

३. रबर आणि ताण. अॅल्युमिनियमच्या खाचेत जाळी रबराने धरलेली असते. उन्हाने ते रबर आकसतं, कडक होतं आणि कोपऱ्यातून वर येतं. दुसरी गोष्ट, अॅल्युमिनियम तापलं की वाढतं. तीन मीटरची पट्टी तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर साधारण दोन मिलिमीटर लांबते. नवतप्यात दुपारी आणि पहाटे हा खेळ रोज चालतो. म्हणून जाळी तबल्यासारखी ताणून बसवणं ही कारागिरी नाही, चूक आहे. चौकट मधूनच आत ओढली जाते, गुणिया लावला की कोपरा काटकोनात नाही हे दिसतं, दार घासायला लागतं. मग लोक दाराला दोष देतात.

४. जाळीचा पोत. फायबरच्या नेहमीच्या जाळीला इंचाला १८ बाय १६ भोकं असतात, मच्छर अडवायला ती पुरतात. स्वस्त प्लास्टिकची जाळी मात्र उन्हाने ठिसूळ होते. चिमटीत धरून दुमडून बघा. कडकन मोडली तर ठिगळ लावून उपयोग नाही. मोडली नाही आणि भोक हातापेक्षा लहान असेल, तर अख्खी जाळी बदलायची काहीच गरज नाही, ठिगळ पुरतं. खालच्या फूटभर भागात कुरतडल्याच्या खुणा असतील तर तिथे उंदीर आहे. तेवढ्या भागात स्टीलची जाळी द्या.

५. दाराखालची फट आणि कूलरची वायर. ग्राहक म्हणतो, "जाळी त नवीनच हाय, मंग मच्छर येते कुठून?" बहुतेक वेळा उत्तर दाराखाली असतं. ब्रशची पट्टी लावली की काम झालं. आणि कूलर असेल तर आधी हे बघा: जाळीला भोक पाडून वायर बाहेर काढलीय का? ती धातूच्या कडेवर घासतेय का? वायरचं आवरण सोललं गेलं आणि चौकट ओली झाली तर अख्ख्या ओसरीत करंट उतरू शकतो. अशी वायर दिसली की मेन स्विच बंद करायला सांगा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवायला लावा. आपलं काम नाही ते आपण करायचं नाही, पण सांगायचं मात्र नक्की.

६. वारा कुठे अडतो. जाळीतून वारा निघून जातो, म्हणून हलकी चौकट टिकते. पण उन्हाळ्यात लोक तिच्यावर हिरवं नेट बांधतात, पावसाळ्यात ताडपत्री. धुळीने भोकं बुजलेली असतील तर आणखी भर. मग तीच चौकट शिडासारखी वारा धरते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे गणित ग्राहकाला सांगा. ताडपत्री लावायचीच असेल तर झटकन सुटेल अशी बांधून द्या आणि चौकट भिंतीला किती बोल्टांनी धरलीय ते मोजा.

आता आपल्या भागातली एक खास अडचण. पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलाय आणि आपल्या तालुक्यालाही तो लागतो. बोअरच्या खाऱ्या पाण्याने जाळी धुतली की पाणी सुकतं, मीठ तिथेच राहतं. पांढरे डाग दिसतात ते हेच. मीठ ओल ओढतं आणि गंजाला मदत करतं. म्हणून आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढायची, आतून बाहेर, आणि शेवटचा हात गोड्या पाण्याचा. गाडी धुवायचा प्रेशर पंप जाळीवर अजिबात मारू नका, रबर खाचेतून निघतं.

एका फटीची किंमत

कोणी म्हणेल, एवढ्याशा जाळीचं काय घेऊन बसलात? तर एक जुनी गोष्ट सांगतो. मलेरियाचा जंतू डासात असतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला दाखवलं. तरी लोकांना पटेना. मग १९०० साली पॅट्रिक मॅन्सन यांनी इटलीत, रोमजवळच्या दलदलीच्या भागात जाळी लावलेली एक झोपडी उभी केली. सॅम्बन आणि लो हे दोन डॉक्टर मलेरियाच्या ऐन हंगामात तिथे राहिले. दिवसा बाहेर फिरायचे, सूर्यास्ताआधी जाळीच्या आत. आजूबाजूचे लोक तापाने फणफणत होते, या दोघांना मलेरिया झाला नाही. त्यांच्याकडे काही जादूचं औषध नव्हतं. जाळी होती, आणि तिला फट नव्हती.

डेंग्यूचा डास तर दिवसाच चावतो, त्यामुळे आपल्याला दिवसाही सुटका नाही. ओसरीतल्या बाजेवर बाळ झोपलेलं असतं तेव्हा दाराखालची बोटभर फट हा छोटा विषय राहत नाही.

मग धंदा कसा करायचा?

माझा आग्रह असा: जाळी विकायला जाऊ नका, पाहणी विकायला जा. टॉर्च, पेचकस, गुणिया, ओळंबा, टेप, मऊ ब्रश आणि एक वही एवढंच लागतं. घर बघून झालं की कागदावर तीन रकाने लिहून द्या.

- आत्ताच करा
- पावसाळ्यानंतर चालेल
- याला हात लावू नका

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. "काकू, ही जाळी अजून चांगली आहे, बदलू नका" असं सांगणारा माणूस त्यांनी आजवर बघितलेला नसतो. त्या एका वाक्याने तुमचं एक काम जातं आणि अख्खी गल्ली मिळते.

नेहमीची हरकत मला माहीत आहे: "सर, नुसतं बघायचे पैसे कोण देतं?" सुरुवातीला कमी लोक देतील. म्हणून फी लहान ठेवा आणि दुरुस्ती दिली तर तीत वळती करा. उदाहरणापुरतं धरा, ३०० रुपये फी आणि हंगामात ६० घरं. १८ हजार झाले. यातली निम्मी घरं जरी दुरुस्ती देणारी निघाली तरी रबर, ब्रशपट्टी, बोल्ट, प्रायमर यांच्या कामात मजुरी सुटते आणि माल फार अडकत नाही. नवी जाळी विकताना भाव पाडायला शेजारचा दुकानदार बसलेलाच असतो. पाहणीचा भाव पाडायला अजून कोणी नाही.

दुसरी हरकत थोडी कडवट आहे. "चौकट लवकर खराब झाली तरच नवीन काम मिळतं ना?" शहरात एक वेळ चालेल, तिथे ग्राहक रोज नवा. आपल्याकडे ग्राहक लग्नात भेटतो, बाजारात भेटतो, बसस्टँडवर भेटतो. खराब काम इथे तुमच्या आधी घरी पोहोचतं.

हंगाम कोणता धरायचा? आपल्या तालुक्यात कॅलेंडर तयारच आहे. अक्षय तृतीयेला भेंडवळला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत ऐकायला दुरून लोक येतात. भाकितावर तुमचा विश्वास असो वा नसो, त्या दिवसापासून गावागावात पावसाची बोलणी सुरू होतात हे नक्की. तेव्हापासून मृगापर्यंतचे आठवडे तुमचे. दुसरी फेरी दिवाळीच्या साफसफाईआधी.

आणि कर्ज काढून सुरुवात करू नका. आधी ओळखीची दहा घरं करा, वही भरा. पुढे वेल्डिंग मशीन लागेल तेव्हा बघू. लोहारकाम, सुतारकाम हा तुमचा पिढीजात हातखंडा असेल तर १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत पात्र ठरता का ते तपासा. अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने, अशी तिची रचना आहे. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती करून ठेवा. तिच्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका.

या आठवड्याचं काम सांगतो. आधी स्वतःच्या घरची ओसरी तपासा, मग मामाच्या घरची. पेचकसाच्या मुठीने बूड ठोका, दाराखाली बोट घाला, तीन रकाने लिहा. पहिल्याच दिवशी काहीतरी असं सापडेल जे तुम्ही वर्षानुवर्षं रोज बघत होतात आणि तरी दिसलं नव्हतं.

आणि दिसलं की सांगा. काम आपलं असो नसो, पैसे मिळोत न मिळोत. "मंग काऊन नाही सांगतलं?" हा प्रश्न तुमच्यावर कधी येऊ नये, एवढंच मनापासून वाटतं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर हात चालू ठेवा.