‘मालक देईल तेव्हा देऊ!’

इमारत उभी राहते, फीत कापली जाते, छायाचित्रे छापून येतात. त्या छायाचित्रांत सेंट्रिंगचे, गिलाव्याचे वा नळकामाचे उपकंत्राट घेणारा कोठेच नसतो. तो थकलेल्या बिलांची फाइल घेऊन प्रकल्प व्यवस्थापकाच्या दाराशी तिष्ठत असतो. त्याला मिळणारे उत्तर ठरलेले असते : ‘मालकाकडून पैसे आले की देऊ.’

हे उत्तर पुष्कळदा करारातच लिहिलेले असते. ‘बॅक टू बॅक’ हे त्याचे व्यवहारातील नाव. मालकाशी उपकंत्राटदाराचा करार नसतो. त्यामुळे मालकावर थेट दावा लावणे त्याला सहसा शक्य होत नाही. मजुरांचा पगार मात्र थांबत नाही. तोंडी सांगून करून घेतलेले वाढीव काम मोजणीच्या वेळी नाकारले जाते. दोषदुरुस्तीच्या हमीपोटी राखून ठेवलेली रक्कम मुदत उलटल्यावरही सुटत नाही.

मुख्य कंत्राटदार म्हणतात, ‘आमचेच पैसे अडकले आहेत.’ ते खरेही असेल. परंतु मालकाची पत पारखण्याची, त्याच्याशी अटी ठरविण्याची संधी कोणाला होती? ज्याने मालकाचे तोंडही पाहिले नाही, त्याच्याच माथी मालकाच्या दिवाळखोरीची जोखीम मारणे हा कोणता न्याय?

कायदा नाही असे नव्हे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने लहान पुरवठादाराचे देणे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करण्याचे बंधन घातले. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज सांगितले. परंतु बांधकामासारखे ‘कार्य-कंत्राट’ या कायद्यात बसत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने काही निकालांत म्हटले आहे. ज्याला संरक्षणाची सर्वाधिक गरज, तोच उंबरठ्याबाहेर!

इंग्लंडने 1996 च्या कायद्याने, वरचा देणेकरी दिवाळखोर झाल्याचा अपवाद वगळता, बांधकाम-करारांतील असे कलम निष्प्रभ ठरविले आणि तंट्यावर सामान्यतः 28 दिवसांत तात्पुरता बंधनकारक निर्णय देणारी व्यवस्था उभारली. आपल्याला हे अशक्य का असावे? वेतन बुडविणाऱ्यास कौटिल्याच्या अर्थशास्त्रानेही दंड सांगितला आहे. श्रमाचे मोल वेळेवर देणे ही परदेशातून आणावयाची शिकवण नव्हे.

संसदेने कार्य-कंत्राटाचा या अधिनियमात स्पष्ट समावेश करावा आणि ‘मालक देईल तेव्हा’ हे कलम रद्दबातल ठरवावे. उपकंत्राटदारांनीही लेखी आदेशावाचून वाढीव कामाला हात लावू नये.

आणि व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसणारे कोण? आपल्याच घरांतील सुशिक्षित अभियंते. त्यांनी बिल अडविण्यापूर्वी एवढेच स्मरावे : काम पुरे करून घेऊन दाम रोखणे हे व्यवहारचातुर्य नव्हे, ते दुसऱ्याच्या ताटातील अन्न काढून घेणे आहे.