कहाणी संपल्यावरची एकोणसत्तर वर्षे

दस्तुरी नाक्याच्या पुढे माथेरानात मोटारी जात नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहेच. तांबड्या धुळीतून पायी चालत गेल्यामुळे की काय, तेथे पोहोचेपर्यंत माणसे जरा सावकाश बोलू लागतात. गेल्या डिसेंबरात आम्ही मराठी विभागाचे तिघे प्राध्यापक एम.ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन तेथे दोन दिवस राहिलो. विषय होता चरित्र आणि आत्मचरित्र. माथेरानात बसून चरित्राची चर्चा करायची म्हणजे भाई कोतवालांपासून सुरुवात होणे क्रमप्राप्तच होते. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल १ डिसेंबर १९१२ रोजी याच गावात जन्मले, वकील झाले, बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता उभारून त्यांनी विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडावर हिराजी पाटलांसह हुतात्मा झाले. तेव्हा त्यांचे वय तीस होते.

बोलता बोलता एकाने सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव काढले. कोटणीस गेले ९ डिसेंबर १९४२ रोजी, चीनमधल्या हबेई प्रांतात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. दोन्ही मृत्यूंत अंतर अवघे चोवीस दिवसांचे. एक दूरच्या देशात जखमींवर शस्त्रक्रिया करता करता आजाराने गेला, दुसरा आपल्याच डोंगरात गोळीने. या योगायोगावर आम्ही बराच वेळ बोललो, आणि खरे सांगायचे तर आमच्या बोलण्यावर आम्हीच थोडे खूश होतो. तेवढ्यात मागे बसलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, कोटणीसांची बायको नर्स होती ना? त्यांचं पुढं काय झालं?”

आम्हां तिघांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही. आम्हांला आठवत होता तो शांतारामबापूंचा चित्रपट, आणि तो तर मृत्यूपाशी संपतो. वीस-वीस वर्षे चरित्रवाङ्मय शिकवणाऱ्यांची ही स्थिती. पुढचे लिखाण म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

त्यांचे नाव गुओ छिंगलान. जन्म १९१६ चा, शान्शी प्रांतातल्या फेनयांगचा. परिचर्येचे शिक्षण घेऊन त्या जपानविरोधी युद्धाच्या आघाडीवर गेल्या आणि तेथील बेथ्यून वैद्यकीय शाळेत परिचर्या शिकवू लागल्या. हा तपशील आम्हांला विशेष वाटला. आपण ‘नर्स’ म्हणतो आणि डोळ्यांसमोर येते ती डॉक्टरांच्या शेजारी कात्री घेऊन उभी असलेली स्त्री. छिंगलान परिचारिका घडवणाऱ्या शिक्षिका होत्या. त्या प्रदेशात रुग्णालय म्हणजे पक्की इमारत नव्हे. शत्रू जवळ आला की सारे बिऱ्हाड पाठीवर घेऊन दुसऱ्या खेड्यात हलायचे, जखमींना शेतकऱ्यांच्या घरांत ठेवायचे, उकळत्या पाण्यापासून पट्ट्यांपर्यंत प्रत्येक गोष्टीची वाण. अशा ठिकाणी शस्त्रक्रिया दोन-तीन तासांत आटोपते. जखम भरून येईतो आठवडे जातात आणि ते सगळे परिचर्येच्या हाती असतात. ज्यांच्या नावाची ती शाळा होती ते कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना बोट कापून रक्तदोषाने गेले. एवढ्यावरून तेथील जखमांचे स्वरूप लक्षात यावे.

बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभात, १९४० मध्ये, छिंगलान यांनी कोटणीसांना पहिल्यांदा पाहिले. काँग्रेसने १९३८ साली पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून कोटणीस आले होते. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी हे इतर चौघे. परदेशी माणूस चिनी बोलतो आणि थोडेफार लिहितोही, याचे त्यांना नवल वाटले होते. कोटणीस १९४१ च्या प्रारंभी बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दोघांनी लग्न केले. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचे असताना कोटणीस अपस्माराच्या झटक्यांनी गेले. लग्नाला जेमतेम एक वर्ष झाले होते.

आपल्याकडे सांगितली जाणारी गोष्ट येथे संपते. गुओ छिंगलान मात्र त्यानंतर साडेएकोणसत्तर वर्षे जगल्या. २८ जून २०१२ रोजी ताल्येन शहरात वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या वर्षांत काय काय आले ते पाहिले तरी छाती दडपते. ज्या दोन देशांची नावे जोडून मुलाचे नाव ठेवले होते ते देश १९६२ मध्ये एकमेकांशी लढले. मुलगा तेव्हा वीस वर्षांचा होता. तो बापाच्या वाटेने वैद्यकाकडे वळला, आणि शिक्षण पुरे होण्याच्या बेतात असताना १९६७ साली, चोविसाव्या वर्षीच, गेला. छिंगलान यांनी दुसरे लग्न केले. त्या संसारात त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी झाली. कोटणीसांच्या घराशी त्यांनी नाते शेवटपर्यंत राखले, त्या अनेकदा भारतात आल्या, आणि भारताचे नेते चीनला गेले की त्यांना सन्मानाने बोलावले जाई.

आता चित्रपटाकडे वळू. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ १९४६ चा, म्हणजे घटनेनंतर चारच वर्षांनी आलेला. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ज्या पुस्तकावर तो आधारला आहे त्याच्या इंग्रजी नावाचाच अर्थ ‘आणि एकजण परतला नाही’ असा आहे. शांतारामांनी स्वतः कोटणीसांची आणि जयश्रीबाईंनी चिंग लानची भूमिका केली. या चित्रपटाचा अखेरचा भाग आम्ही पुन्हा पाहिला. मरणोन्मुख नायक पत्नीला आपल्या घरी जायला सांगतो आणि ती मुलाला घेऊन त्या घराच्या दारी येते, असे दृश्य आहे. पाहताना आजही घसा दाटतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या दृश्याने केले काय? एका स्वतंत्र, शिकलेल्या, युद्धात कमावलेल्या स्त्रीला नायकाच्या उंबरठ्यावर आणून उभे केले आणि पडदा पाडला. प्रत्यक्षात ती आपल्याच देशात राहिली आणि सोलापूरला आली ती पाहुणी म्हणून. सहा वर्षांपूर्वीच्या आमच्या व्याख्यानात आम्हीही तिला त्याच उंबरठ्यावर सोडले होते. टिपणे अजून आहेत.

त्यांच्या दुसऱ्या लग्नाचा उल्लेख आपल्याकडच्या गौरवपर लेखनात क्वचितच येतो, आणि आला तर एका ओळीत. यामागे संकोच आहे असे आम्हांला वाटते. वीराची पत्नी आयुष्यभर वीराचीच राहावी, अशी वाचकांची इच्छा असते आणि लेखक ती पुरवतात. ‘समर्पित परिचारिका, समर्पित माता’ या शब्दांत गौरव असतो खरा, पण समर्पण कोणाला, हे ते शब्द आधीच ठरवून टाकतात.

हे केवळ पुरुष लेखकांचे किंवा सिनेमावाल्यांचे पाप आहे असेही नव्हे. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ घ्या. न्यायमूर्ती १९०१ मध्ये गेले, पुस्तक १९१० मध्ये आले आणि ते न्यायमूर्तींच्या मृत्यूशी थांबते. पुढे रमाबाई १९२४ पर्यंत जगल्या. पुण्याची सेवासदन संस्था, घराबाहेर न पडलेल्या विधवांना ससूनमध्ये परिचारिकेचे शिक्षण मिळावे म्हणून केलेली खटपट, लोकांचे ऐकलेले बोल, हे सारे त्या पुस्तकाबाहेर राहिले. मराठी मुली परिचर्येच्या व्यवसायात कशा आल्या याचा एक मोठा साक्षीदार आपल्या लेखणीने स्वतःच गप्प बसला. त्या मानाने लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पाहावीत. टिळक १९१९ साली गेले तरी लक्ष्मीबाई बोलायच्या थांबत नाहीत. या दोन पुस्तकांतला हा फरक आम्ही वर्गात आजवर भाषाशैलीचा म्हणून शिकवीत आलो. तो याहून पुष्कळ खोल आहे.

आमच्यातल्या एका सहकाऱ्याला हे सगळे पटलेले नाही, ते येथे नोंदवणे न्याय्य ठरेल. त्यांचे म्हणणे असे, की कोटणीस नसते तर छिंगलान यांचे नावही आपल्याला कळले नसते. शिवाय त्यांच्या स्वतःच्या आठवणींच्या इंग्रजी अवताराचे नावच ‘माय लाइफ विथ कोटणीस’ असे आहे. शहाण्णव वर्षांतले दोन-अडीच वर्षांचे सहवासाचे आयुष्यच त्यांनी शीर्षकासाठी निवडले. मग तक्रार करणारे आपण कोण? आक्षेप वजनदार आहे. आम्हांला याचे पुरते उत्तर सापडलेले नाही. इतकेच म्हणता येईल, की प्रेमाने निवडलेले शीर्षक आणि दुसरे काही विचारलेच जात नाही म्हणून दिलेले शीर्षक, हे मुखपृष्ठावर सारखेच दिसते. छिंगलान यांच्या बाबतीत यांतले कोणते खरे, ते ठरवण्याचा अधिकार आमचा नाही. आणखी एक. त्या रुग्णालयात त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलींची नावे तर आपल्याकडे कोणत्याच शीर्षकात नाहीत.

माथेरानहून उतरताना त्या विद्यार्थिनीने सांगितले, की तिची आजी एका सरकारी दवाखान्यात सुईण होती आणि घरात तिचा फोटो आजोबांच्या फोटोच्या मागे ठेवलेला असतो. अंतर्गत मूल्यमापनासाठी तिने तोच विषय घेतला आहे. आजोबा १९७१ मध्ये गेले. ‘सुरुवात तिथून केली तर चालेल का?’ असे तिने विचारले आणि आम्ही होकार दिला.